कोळीवाड्यातला पितृवंश शोधायचा तर

वाय गुणसूत्र फक्त पुरुषांत असतं, माझ्यात नाही. त्यामुळे मुंबईतल्या वेसाव्याच्या आमच्या घराण्याचा पितृवंश शोधायला मी बाबांना ओटीवर बसवलं आणि त्यांचा गाल आतून कापसाच्या काडीने घासला. आधी अर्धा तास चहा, तंबाखू बंद. बायांनो, तुम्हीही बाप, भाऊ, काका किंवा काकाचा मुलगा गाठा. मामा चालत नाही, त्याचं वाय तुमच्या आजोळचं.

वाय बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. क्वचित त्याच्या डीएनएतलं एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल पुढच्या सगळ्या मुलग्यांत शिक्क्यासारखा राहतो. या शिक्क्यांवरूनच एच, एल, आर१ए, आर२, जे२ अशा शाखा मांडल्या आहेत. बाबांची शाखा एल निघाली, तिच्या शिक्क्याचं नाव एम२०. ती बलुचिस्तानापासून दक्षिण भारतापर्यंत सापडते, म्हणून ‘आपण बलुचिस्तानातून आलो’ असं लगेच सांगत सुटू नका. शाखा हजारो वर्षांची आहे. कोळी, आगरी ही नावं तिच्यापुढे कालची.

कोळीवाड्याचा शोध घ्यायला एकटे बाबा पुरत नाहीत, आणि खरी मेहनत माणसं निवडण्यात आहे. एका गल्लीतले दहा जण घेतले तर त्यांत पाच चुलतभाऊ निघायचे आणि एकच वाय पाचदा मोजलं जायचं. मी वहीत प्रत्येकाचा आजा, पणजा, मूळ गाव आणि कुळाचा देव लिहून घेतला. पणजा एक निघाला की मोजणीत त्यांतला एकच ठेवला. नुसतं ‘कोळी’ लिहू नका. सोनकोळी, वैती, मांगेला, महादेव कोळी वेगळे मांडा. तुलनेला शेजारीही याच किनाऱ्याचे हवेत: आगरी, भंडारी, आणि गोराई-मनोरीचे ख्रिस्ती कोळी तर हवेतच. १५३४ साली वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगिजांकडे गेली, पुढे कित्येक कोळी घरांनी बाप्तिस्मा घेतला. आडनाव बदललं, वाय तेच राहिलं. एवढ्या अलीकडची फाटाफूट नुसत्या शाखेवरून कळत नाही. त्यासाठी वायवरच्या भराभर बदलणाऱ्या खुणा, म्हणजे एकच छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा आला ते, मोजाव्या लागतात: निदान ३७, जमल्यास १११. बारा खुणा योगायोगानेही जुळतात.

आईकडचा धागा सोडू नका. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या १०२४ जागा होतात, वाय त्यांतल्या एकाचंच. कराचीच्या पारशांत वाय इराणकडे झुकलेलं दिसलं, आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मात्र बराचसा गुजरातकडे.

संमती लेखी घ्या, आणि एक प्रश्न आधीच विचारा. मी विचारला नव्हता. सख्ख्या चुलतभावांच्या एका जोडीचं वाय जुळलं नाही. कारण दत्तक असेल, दुसरं काही असेल. मला ते कुणाला सांगण्याचा हक्क नव्हता आणि मनात ठेवणंही जड गेलं. आता वहीत प्रत्येक नावापुढे एक रकाना आहे: ‘अनपेक्षित निघालं तर कळवू का?’ तो भरल्याशिवाय मी काडी पाकिटातून काढत नाही.