डिव्हिडंड यील्ड 8 टक्के दिसतंय म्हणून लगेच शेअर घेऊ नका, आधी हे बघा

रविवारी आमच्या सोसायटीतले काका मोबाईल घेऊन आले, घोडबंदर रोडला राहतो आम्ही, काका वागळे इस्टेटमधल्या कंपनीत लेथवर होते, आता रिटायर. म्हणाले, "अरे एफडी मॅच्युअर झाली, आणि हा शेअर बघ, 8 टक्के डिव्हिडंड यील्ड दाखवतोय, टाकू का सगळे ह्यात?" शेअर कर्ज देणाऱ्या एका फायनान्स कंपनीचा. मी म्हटलं काका आधी चहा घ्या.

कारण हीच माती मी स्वतः खाल्लीय. अशाच एका एनबीएफसीचा, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपनीचा शेअर, नाव घेत नाही, नुसतं यील्ड बघून घेतला आणि पुढच्या वर्षी डिव्हिडंड निम्म्यावर, भाव त्याच्याही खाली.

तर यील्डचा हिशोब साधा आहे, वर्षभरात एका शेअरमागे मिळालेला डिव्हिडंड (कंपनीने नफ्यातून वाटलेला लाभांश) भागिले आजचा भाव, गुणिले 100. शेअर 200 ला आहे आणि 8 रुपये दिले तर 4 टक्के. आता गंमत बघा, भाव छेदात बसतो ना, म्हणजे तोच शेअर आपटून 100 वर आला की यील्ड झालं 8 टक्के, कंपनीने एक पैसा जास्त दिलेला नाही तरी! म्हणून यील्ड मोठं दिसलं की पहिलं काम, वर्षाचा चार्ट उघडा आणि बघा डिव्हिडंड वाढलाय की भाव पडलाय. काकांच्या शेअरमध्ये भाव पडलेला होता, तेही चांगला 40 टक्के.

ॲपवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका, एनएसई किंवा बीएसईच्या साईटवर कंपनीचे कॉर्पोरेट ॲक्शन (डिव्हिडंड, बोनस वगैरेच्या नोंदी) बघून मागच्या 12 महिन्यांचे डिव्हिडंड स्वतः बेरीज करा. त्यात एकदाच दिलेला स्पेशल डिव्हिडंड असेल तर तो बाजूला काढा, मध्ये बोनस (फुकट जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे लहान तुकडे) झाला असेल तर जुना आकडा तसाच धरू नका. आणि "500 टक्के डिव्हिडंड" असली बातमी वाचून हुरळू नका, ते टक्के फेस व्हॅल्यूवर, म्हणजे शेअरच्या मूळ छापील किमतीवर असतात, फेस व्हॅल्यू 1 रुपया असेल तर 500 टक्के म्हणजे 5 रुपये, आणि शेअर हजाराचा असेल तर यील्ड अर्धा टक्का.

आता खरी गोष्ट, जी साबण किंवा बिस्किटवाल्या कंपनीत एवढी नडत नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीचा कच्चा माल म्हणजे पैसाच. काकांना म्हटलं, तुमच्या कंपनीने लोखंडाचे बार विकून मालकाला पैसे दिले असते तर लेथवर काय लावलं असतं तुम्ही? तसंच आहे हे. मोठ्या एनबीएफसीला रिस्कप्रमाणे मोजलेल्या मालमत्तेच्या निदान 15 टक्के भांडवल ठेवावंच लागतं, डिव्हिडंड वाटला की भांडवलात तेवढी भर कमी, मग वाढायचं असेल तर नवीन शेअर काढा नाहीतर कर्जवाटप आवरतं घ्या. शिवाय ह्यांचा नफा हा थोडा अंदाजाचाच असतो, आज दिलेलं कर्ज दोन वर्षांनी बुडालं तर आज दाखवलेला नफा तेव्हा प्रोव्हिजनमध्ये, म्हणजे बुडीत कर्जासाठी बाजूला काढलेल्या रकमेत जातो.

म्हणून यील्डच्या शेजारी पेआऊट बघायचा, म्हणजे नफ्यातला किती हिस्सा वाटला ते. ईपीएस (एका शेअरमागचा नफा) 20 रुपये आणि डिव्हिडंड 8 म्हणजे पेआऊट 40 टक्के, ठीक आहे. ईपीएस 9 वर आला आणि तरी 8 देतायत म्हणजे ते फार दिवस चालणारं नाही. आरबीआयने 2021 मध्ये एनबीएफसींसाठी नियमच आणला, बहुतेक एनबीएफसींना पेआऊट जास्तीत जास्त 50 टक्के, आणि मागच्या तिन्ही वर्षांत नेट एनपीए (थकलेली कर्जं, प्रोव्हिजन वजा करून) 6 टक्क्यांच्या आत पाहिजे. म्हणजे तिमाही रिझल्टमध्ये नेट एनपीए वर सरकताना दिसला की डिव्हिडंडवर गदा येऊ शकते हे आपल्याला आधीच कळतं. आणि आरबीआय सरळ थांबवूही शकते, एप्रिल 2020 मध्ये कोविडमुळे बँकांना डिव्हिडंड देऊ नका म्हणून सांगितलंच होतं, तेव्हा ॲपवर जुनं यील्ड बघून बँकेचा शेअर घेणारे बसले वाट बघत.

सगळ्या फायनान्स कंपन्या एका मापाने मोजू नका पण. म्युच्युअल फंड चालवणारी एएमसी फी कमावते, तिला कर्ज द्यायला भांडवल लागत नाही, ती नफ्यातला मोठा हिस्सा वाटू शकते, तिथे 70 टक्के पेआऊट बघून घाबरायचं कारण नाही. ब्रोकर कंपनीचं उत्पन्न बाजाराच्या मूडवर, तेजीच्या वर्षातला डिव्हिडंड दरवर्षी धरू नका. पीएफसी, आरईसी ह्या वीज क्षेत्राला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपन्या वर्षातून अनेकदा इंटरिम (वर्ष संपायच्या आधीचा) डिव्हिडंड देतात, त्यामुळे तिथे एकच आकडा बघून चालत नाही, सगळे मिळवा.

एक्स डेटच्या (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) आदल्या दिवशी शेअर घेऊन डिव्हिडंड खायचा आणि विकायचं हा प्लॅन सगळ्यांना कधी ना कधी सुचतो. एक्स डेटला भाव साधारण तेवढाच खाली उघडतो, हातात काही उरत नाही, वर टॅक्स. एप्रिल 2020 पासून डिव्हिडंड आपल्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो, 30 टक्क्यांच्या स्लॅबवाल्याला 8 चे सेस सोडून 5.6 च उरतात. एका कंपनीकडून वर्षात 10,000 च्या वर मिळाला तर 10 टक्के टीडीएस. एफडीशी तुलना करताना हे धरा, आणि हेही की बँकेतल्या एफडीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, शेअरला कसला विमा!

काकांनी शेवटी एफडी रिन्यू केली आणि थोडेसेच पैसे एका एएमसीत टाकले, तेही पुढचा रिझल्ट बघून. जाता जाता विचारलं, "आणि जुन्या कागदी शेअरचे डिव्हिडंड कुठे गेले माझे?" सात वर्षं उचलले नाहीत तर ते आयईपीएफ ह्या सरकारी फंडाकडे जातात, परत मिळतात पण क्लेम करावा लागतो. पुढच्या रविवारी पॅन, आधार आणि जुनी सर्टिफिकेटं घेऊन या म्हटलंय.