भाचीची तयारी: एक्स-रेच्या खोलीत पाय ठेवण्याआधी

भाचीनं लातूरला एक वर्ष रिपीट केलं, तरी नीटचा निकाल मनासारखा आला नाही. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "मामा, तुमच्यासारखं एक्स-रेचं शिकावं म्हणते. काय काय तयारी लागंल?" मागून भावजींचा आवाज, "डॉक्टर नाही तर नाही, दवाखान्यात तरी राहील." पोरी, हे वाक्य तेवढं आधी डोक्यातून काढून टाक. बाकीची यादी अशी.

कागदांपासून सुरुवात कर. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असलेली बारावीची गुणपत्रिका, टीसी, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर हे सगळं शाळेच्या आणि सेतूच्या दोन-चार चकरांत होतं. जात पडताळणीचा अर्ज मात्र अजून टाकला नसशील तर आजच टाक. आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यापासून शोध सुरू होतो, आणि आपल्याकडं निजामाच्या काळातली नोंद उर्दूत निघाली की ती वाचणारा माणूस शोधण्यापासून तयारी. प्रवेशाचं माहितीपत्रक यंदाचंच वाच, मैत्रिणीच्या ताईनं पाठवलेलं जुनं नको.

सरकारी मेडिकल कॉलेजांत ही पदवी बीपीएमटी, म्हणजे बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी, या नावानं असते. तीन वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. खासगीकडं बीएस्सी नावानं असते. तिथं फी विचारण्याआधी पदवी कोणत्या विद्यापीठाची ते विचार. तालुक्याच्या स्टँडसमोर 'सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन' असे बोर्ड दिसतात, त्यांच्या जिन्यावर चढूसुद्धा नको. एक्स-रे मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि मशीन चालवणाऱ्याची पात्रताही त्यांना दाखवावी लागते. तिथं त्या सर्टिफिकिटाला रद्दीचा भाव.

कॉलेज बघायला गेलीस तर ऑफिसात चहा पीत बसू नको. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात जा, अंबाजोगाईला जा, नांदेडला जा, आणि एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर तासभर बस. जिथं बसायला जागा मिळत नाही तिथं शिकायला मिळतं. नवीकोरी मशीन आणि रिकामा बाक असेल तर चार वर्षांनीही तुझा हात बसायचा नाही.

दुसरी चौकशी बॅजची. टीएलडी बॅज म्हणतात त्याला. अंगावर किती रेडिएशन पडलं ते तो मोजतो आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. आपल्याकडं रेडिएशनमध्ये काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजायचं माप) आणि कोणत्याही एका वर्षात फार तर ३० ही मर्यादा आहे. पण बॅजच नसेल तर मोजणार कोण? मी शिकलो तिथं आम्हा सात जणांत एक बॅज होता, आणि तो बहुतेक वेळ खिळ्याला लटकलेला. त्याचा रिपोर्ट दरवेळी झकास यायचा, खिळ्याला काय होतंय! तू मात्र स्वतःच्या नावाचा बॅज माग. वाईटपणा आला तरी माग. तो छातीवर, लेड एप्रनच्या आत लावायचा आणि ड्यूटी संपली की खोलीबाहेर ठेवायचा. एप्रनची घडी घालायची नाही, टांगायचा. घडीवर आतलं शिसं तडकतं, वरून मात्र काही दिसत नाही.

हेपटायटिस बीचं इंजेक्शन प्रवेशाआधीच सुरू कर. पहिलं आज, दुसरं महिन्यानं, तिसरं पहिल्यापासून सहा महिन्यांनी. कॅज्युअल्टीत रक्तानं भरलेला माणूस तुलाच टेबलावर घ्यायचाय. आणि पायात चपला नाही, बंद बूट.

अभ्यासाचं म्हणशील तर नीटसाठी केलेलं फिजिक्स वाया गेलं नाही. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाई होतो, हा नियम तू गणितात सोडवलास. इथं तो वॉर्डात पोर्टेबल मशीनवर पाळायचाय, म्हणजे बटणाची वायर पूर्ण ताणून निदान दोन मीटर मागं सरकायचं. मशीनवर लावायचे केव्हीपी आणि एमएएस हे दोन आकडे पहिल्या महिन्यात कोडं वाटतील. एक किरणांचा जोर आहे आणि दुसरा त्यांची मात्रा, एवढं धरून चाल. हाडांची नावं इंग्रजीतच पाठ करावी लागतील. सीनियरकडून जुना बोन सेट अर्ध्या किमतीत मिळतो. मनगटाची आठ हाडं हातात घेऊन पाठ कर, चित्रावरून ती कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

आता यादीतलं खरं काम. रोंटगेननं १८९५ साली बायकोच्या हाताचा फोटो काढला, त्यात बोटातली अंगठी तशीच दिसते. त्याला चाललं, तुला चालणार नाही. मंगळसूत्र, डोरलं, ताईत, करदोडा, बंडीचं बटण, सगळं आधी बघायचं. डोरलं काढ म्हटलं की बाई सासूकडं बघते, म्हणून सासूलाच आत बोलाव आणि तिच्या हातात ठेवायला सांग. इंटर्नशिपला माझ्याकडं विशीतली एक पोरगी छातीच्या फोटोला आली. खोकला होता. धातूचं सगळं काढून घेतलं, फोटो काढला, तर उजव्या फुफ्फुसाच्या शेंड्याला पांढुरका पट्टा. सरांनी टीबीची शंका लिहिली. बाहेर तिची आई भिंतीला टेकून खालीच बसली. मॅडमनी फिल्म उजेडात धरली, पोरीकडं पाहिलं आणि मला म्हणाल्या, "वेणी कुठं होती हिची?" तेल लावून घट्ट घातलेली जाड वेणी खांद्यावरून पुढं आली होती. वेणी वर बांधून पुन्हा फोटो काढला, छाती स्वच्छ. त्या पोरीला एक जास्तीचा डोस आणि तिच्या आईला तो अर्धा तास माझ्यामुळं मिळाला. तुझ्या पर्समध्ये दोन रबर बँड कायम असू दे. डाव्या-उजव्याचे मार्करही स्वतःचे ठेव आणि फोटोच्या वेळीच लाव, नंतर पेनानं लिहायचं नाही.

बाईमाणसाला पाळी कधी आली होती हे विचारावंच लागतं. नवऱ्यासमोर विचारलंस तर खरं उत्तर येणार नाही. बीडकडं ऊसतोडीला जाणाऱ्या बायका येतील. तिशीतली बाई सहज सांगेल, "पिशवी काढलीय." चेहरा हलू द्यायचा नाही, लिहून घ्यायचं.

सोनोग्राफी डॉक्टर करतात, तू नाही. तरी गावाकडून कुणीतरी "मशीनवाल्याची ओळख आहे का" म्हणून फोन करीलच. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा १९९४ चा कायदा तेवढ्यासाठी नीट वाच आणि घरच्यांनाही आधीच सांगून ठेव.

राहिली बोली. "श्वास घ्या, धरून ठेवा" हे तुला सोपं वाटतं. पण कुणाला "दम धरा" म्हटल्यावर कळतं, कुणाला "सांस रोको" म्हणावं लागतं, आणि नांदेडला जाशील तर दोन वाक्यं तेलुगूतलीही शिकून घे. काचेमागून ओरडायचं नाही, आधी समोर उभं राहून एकदा करून दाखवायचं. आणि फोटो झाला की "सोडा आता" म्हणायला विसरू नको. आपण स्क्रीनकडं बघत बसतो, आणि आजी गाल फुगवून तशाच उभ्या असतात.