पुठ्ठ्याची खुर्ची आणि तिचं पर्स्पेक्टिव्ह ड्रॉइंग: या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक कटर हातात घ्यायच्या आधीच होते, डोक्यात लाकडी खुर्ची असते. चार पाय, वर सीट, मागे पाठ. पुठ्ठ्याला बारीक पाय झेपत नाहीत, ते चेपतात नाहीतर वाकतात, त्याची ताकद असते उभ्या रुंद पाट्यांमध्ये. त्यामुळे पाय विसरा आणि एक खोका डोळ्यासमोर आणा ज्याच्या आत उभ्या पाट्या एकमेकींत आडव्या-उभ्या अडकवल्यात. हा खोका नीट लक्षात ठेवा, पर्स्पेक्टिव्ह ड्रॉइंगलाही (लांबचं लहान दिसतं तसं काढलेलं चित्र) तोच लागणार आहे.

आता नळ्यांची दिशा. पुठ्ठा कापून कडेने बघा, दोन सपाट कागदांच्या मधे नागमोडी कागद आणि त्याच्या बारीक बारीक नळ्या दिसतील. वजन घेणाऱ्या प्रत्येक पाटीत या नळ्या जमिनीपासून सीटपर्यंत उभ्याच हव्यात. पुठ्ठा वाचवायला म्हणून पाटी आडवी कापली की खेळ संपला, बसल्यावर मधेच घडी पडते आणि मग वरून कितीही टेप लावा, ती घडी जात नाही. ती पाटी नवीनच कापायची. मी हे फार कळकळीने सांगतोय कारण सीट खचली म्हणणाऱ्यांच्या पाट्या बघितल्या की बहुतेक वेळा हेच निघतं.

खुर्ची खचत नाही पण बाजूला डुलते? मग खाचा, म्हणजे पाट्या एकमेकींत अडकवायला कापलेल्या फटी, सैल आहेत किंवा सगळ्या पाट्या एकाच दिशेला आहेत. खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच हवी, पाच प्लायचा (कागदाच्या पाच थरांचा) पुठ्ठा साधारण ६-७ मिमी असतो पण अंदाजाने नको, पट्टीने मोजा आणि आधी एका तुकड्यावर ट्राय करा. एका पाटीला वरून अर्ध्या उंचीपर्यंत खाच, दुसरीला खालून अर्ध्यापर्यंत. खाच अगदी कडेला घेतली तर फाटते, ४-५ सेमी आत घ्या. कापताना एका दमात आरपार जायचा हट्ट नको, नवीन ब्लेड, स्टीलची पट्टी आणि तीन-चार हलके हात. आणि गोंद कमी वापरा, पाणी असलेला गोंद भरपूर ओतला की पुठ्ठा ओला होऊन वाकडा होतो.

खाचांशिवायही खुर्ची होते. आर्किटेक्ट फ्रँक गेरी यांची १९७२ ची विगल साइड चेअर बघा, एकाच आकाराचे कितीतरी थर शेजारी शेजारी चिकटवलेत आणि माणूस त्यांच्या कडांवर बसतो. पण त्याला पुठ्ठा खूप लागतो, पहिल्या खुर्चीसाठी खाचाच बऱ्या.

ड्रॉइंगमध्ये पहिला घोळ क्षितिजरेषेचा. ती तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते, कागदाच्या मधोमध नाही. समजा खुर्ची पाठीसकट ८० सेमी आहे आणि तुमचे डोळे जमिनीपासून १६० सेमी वर, तर चित्रात खुर्चीच्या डोक्यावर अजून एक खुर्ची उभी केल्यावर जिथे टोक येईल तिथे क्षितिजरेषा. हे कळलं की सीट किती दिसणार, मागे जाणाऱ्या कडा वर का चढणार, सगळं आपोआप सुटतं.

खुर्ची ताणल्यासारखी, पुढचा कोपरा अंगावर आल्यासारखा दिसतोय? दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे मागे जाणाऱ्या समांतर कडा क्षितिजरेषेवर जिथे मिळतात ते बिंदू, फार जवळ घेतलेत. ते कागदाच्या बाहेर जाऊ द्या, दोन्ही बाजूंना जादा कागद चिकटवा. सीटचा मध्य पट्टीने मोजू नका, कर्ण काढा, छेदतात तिथे मध्य. पुढचा अर्धा भाग मोठा दिसेल आणि तसाच दिसायला हवा.

तिरकी पाठ सगळ्यांना छळते. तिच्या तिरक्या कडा डोळ्याने ओढायच्या नाहीत आणि क्षितिजरेषेवरच्या पॉइंटलाही न्यायच्या नाहीत. आधी पूर्ण खोका काढा, त्याच्या दोन्ही बाजूंवर पाठ कुठून सुरू होते आणि वर किती मागे जाते त्याच्या खुणा करा, खुणा जोडा, पाठ मिळाली. खोक्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या रेषाही हलक्या हाताने काढाच, त्या गाळल्या की मागचा खालचा कोपरा हवेत तरंगतो, आणि खोडायच्या त्या सगळं जागेवर बसल्यावरच.