कृष्णधवल संगीतपट मुलांना दाखवताना नाचापासून सुरुवात करा

अख्खा सिनेमा मुलांपुढे एकदम ठेवू नका. आधी एकच नाच दाखवा. १९३५च्या 'टॉप हॅट' या हॉलिवूडपटातला फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स या नाचणाऱ्या जोडीचा पिसांच्या झग्यातला नाच त्यासाठी उत्तम. नाचताना झग्याची पिसं खरोखरच गळत होती, हे आधी सांगून ठेवा. मग पोरं डोळे फाडून पिसं शोधत बसतात. नाचणारा डोक्यापासून पायापर्यंत दिसावा आणि दृश्याचे फार तुकडे पडू नयेत, असा अस्टेअर यांचा आग्रह असे. त्यामुळे पावलं नीट दिसतात आणि मुलं उठून नक्कल करू लागतात. करू द्या, गप्प बसवू नका.

थोड्या मोठ्यांना १९३३च्या 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट'मध्ये नृत्यदिग्दर्शक बस्बी बर्कली यांनी वरून टिपलेल्या नर्तकांच्या आकृत्या दाखवा आणि कॅमेरा कुठे असेल ते विचारा. प्रेमातले गैरसमज रेंगाळू लागले (मलाही कंटाळा येतो) की खुशाल पुढे पळवा.

मात्र सिनेमा आधी स्वतः पाहा. १९३६च्या 'स्विंग टाइम'मध्ये अस्टेअर चेहऱ्याला काळा रंग फासून नाचतात. कृष्णवर्णीयांची अशी हिणवणारी नक्कल तेव्हा सर्रास चाले. ते दृश्य गाळायचं की त्यावर बोलायचं, हे मुलाचं वय पाहून ठरवा.