मोडीतली प्रवासाची रोजनिशी उतरवायची तर

ठाणे-पनवेलकडच्या जुन्या घरांत देश सोडून बोटीने गेलेल्या कुणाची वही निघाली, तर ती बहुधा मोडी लिपीत असते. पावसाळ्यात तिचं बासन सोडू नका. खाडीकाठच्या दमट हवेत जुन्या लोहयुक्त शाईच्या ओळींवरच कागद चिरू शकतो. दिवाळीनंतर मऊ कुंचल्याने धूळ झाडा. सेलोटेप, लॅमिनेशन, डांबराच्या गोळ्या लांबच बऱ्या. खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, कोऱ्या पानांसकट प्रत्येक पानाचे फोटो काढा आणि पुढचं काम फोटोंवरच करा.

मजकुराआधी तारखा. शकात 78 मिळवले की इसवी सन, हा हिशेब वर्षाअखेरीस दगा देतो. शके 1776 चा माघ 1854 मध्ये नसून 1855 मध्ये येतो. म्हणून तिथीबरोबर वार बघा: इंदुवार सोमवार, भौमवार मंगळवार, सौम्यवार बुधवार, भृगुवार शुक्रवार, मंदवार शनिवार. जुन्या जंत्रीत, म्हणजे तिथी-तारखांच्या कोष्टकात, तिथी-वार जुळले तरच तारीख पक्की धरा.

मग वाट तपासा. खंडाळ्याचा घाट उतरून पनवेल, तिथून भरती साधून मचव्याने मुंबई, ही रेल्वेआधीची वाट. याच घाटातून, म्हणजे बोरघाटातून, गाडी 1863 पासून आहे. त्यानंतरही कुणी पनवेल गाठलं असेल, पण मग तारीख दोनदा बघा. ठाणे-बोरीबंदर आगगाडी 16 एप्रिल 1853 ची, कल्याणपर्यंतची 1 मे 1854 ची. विलायतेची आगबोट सुवेझ कालव्यातून गेली असेल तर नोंद नोव्हेंबर 1869 नंतरची. त्याआधी आगबोटीने जाणारे बहुधा सुवेझला उतरून, इजिप्त ओलांडून अलेक्झांड्रियाला जात.

ही गावंच वाचनाची किल्ली. मोडीत आधी रेघ ओढतात, अक्षरं तिला लटकतात. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. पण ‘मु॥’ म्हणजे मुक्काम. त्याच्यापुढे ‘पनवेल’ ओळखलं की त्या हाताचे प, न, व, ल मिळाले. ते फोटोतून कापून तक्ता करा. छापील मोडी तक्त्यावर विसंबलात तर अडाल, कारण प्रत्येकाचं वळण निराळं.

आकडे खर्चाच्या पानांवर शिका: 12 पैचा आणा, 16 आण्यांचा रुपया. बेरीज चुकली तर आधी आपलं वाचन तपासा, लिहिणाऱ्याला नंतर बोल लावा.

उतरवताना ओळीला ओळ ठेवा, शुद्धलेखन सुधारू नका. अंदाजापुढे प्रश्नचिन्ह, न लागलेल्या अक्षराला टिंब. काम झालं की वही धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात बांधा आणि बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवा.