आजोळच्या सुट्टीतला महाराष्ट्र दिन गावाबरोबर कसा साजरा करावा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून सातारा जिल्ह्यातील आजोळी आलेल्या मुलांना १ मे हा दिवस दूरचित्रवाणीवर पाहायला लावू नये, त्यांना गावाच्या चौकात न्यावे, असे मला मनापासून वाटते. पूर्वी आपल्याकडच्या अनेक शाळांचा निकाल याच दिवशी लागत असे, त्यामुळे घरातील मोठ्या माणसांना या तारखेची आठवण हमखास असते. तेथूनच मुलांशी बोलायला सुरुवात करावी.

खरी तयारी आदल्या संध्याकाळची असते. ग्रामपंचायतीसमोरच्या किंवा शाळेच्या पटांगणातील ध्वजस्तंभाची दोरी वर्षभर ऊन-पाऊस खाऊन कडक झालेली असते आणि कप्पीत अडकते, म्हणून ती आधीच दोन-तीन वेळा वरखाली ओढून पाहावी व गरज असल्यास बदलावी. या कामात मुलांना सोबत घ्यावे. केशरी पट्टा वर राहील अशी ध्वजाची घडी कशी घालतात, त्यात फुलांच्या पाकळ्या कशा ठेवतात आणि एका ओढीत सुटेल अशी सरकगाठ कशी मारतात, हे ज्या मुलाने जवळून पाहिले आहे ते मूल सकाळी रांगेत वेगळ्याच लक्षाने उभे राहते. फाटलेला किंवा विटलेला ध्वज मात्र वापरू नये.

सकाळी लवकर पोहोचावे. राष्ट्रगीतानंतर ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे २०२३ पासूनचे राज्यगीत म्हटले जाते. ते घरोघरी पोहोचवणारे शाहीर साबळे वाई तालुक्यातील पसरणीचे, हे मुलांना आदल्या रात्रीच सांगितले तर गाताना त्यांचा आवाज आपोआप चढतो. नंतर ग्रामसभा असल्यास तासभर तरी बसावे. पाण्याच्या टाकीवरून होणारा वाद ऐकणे हाही मुलांसाठी नागरिकशास्त्राचा धडाच असतो.

दुपारच्या उन्हात कोणताही कार्यक्रम ठेवू नये. गावजेवण असेल तर पंगतीत वाढायचे काम मुलांकडे द्यावे, पन्हे किंवा मठ्ठा भरपूर करावा आणि उन्हं कलेपर्यंत म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीसह, प्रतिसरकार चालले आणि त्याने गावोगावी न्यायनिवाडे केले. त्याच्या गोष्टी आपल्या आई-वडिलांकडून ऐकलेली माणसे अजून जवळपास प्रत्येक वाडीत आहेत. त्या चळवळीचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील पुढे संयुक्त महाराष्ट्रासाठीही लढले आणि १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले, म्हणजे स्वातंत्र्याचा आणि राज्याचा लढा आपल्या भागात बऱ्याच अंशी त्याच माणसांनी लढला. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक हुतात्म्यांनी प्राण दिले, हेही त्याच बैठकीत सांगावे. मुलांनी ऐकलेले वहीत लिहून ठेवावे आणि सांगणाऱ्याला संध्याकाळी वाचून दाखवावे.

कराड जवळ असेल तर ऊन उतरल्यावर प्रीतिसंगमावर जावे. साताऱ्यापासून हे अंतर महामार्गाने सुमारे ५० किलोमीटर आहे. येथे कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन एकमेकींना भेटतात, आणि १ मे १९६० रोजी नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांची समाधी याच काठावर आहे. समाधीवर वाहायला घरच्या मोगऱ्याची ओंजळभर फुले न्यावीत. पाणी अचानक वाढू शकते, म्हणून मुलांना पात्रात उतरू देऊ नये.

गावात परतल्यावर रात्री पोवाड्याचा कार्यक्रम असल्यास पुढच्या सतरंजीवर बसावे, आणि नसल्यास डफ वाजवणारा एखादा जाणता गाठून चौकातच बैठक भरवावी. ध्वनिक्षेपकाची गरज नाही. डफ, तुणतुणे, झांज आणि मागे ‘जी जी’ म्हणणारी गल्लीतील दहा-बारा मुले एवढे पुरते, फक्त ती मुले दुपारीच एकदा तालमीला बसवलेली असावीत.