नाकाखालचं चाक काढून शेपटीला लावताना

बेळगाव-खानापूरकडच्या मुरमाड माळावर मॉडेल विमान उतरवलं की आधी वाकते ती नाकाखालच्या चाकाची तार. शेपटीला चाक लावणं हा त्यावर चांगला उपाय, पण पुढचं काढून मागे लावलं की झालं असं नाही. खरं काम मधल्या दोन मुख्य चाकांचं आहे.

नाकाखाली चाक असलेल्या रचनेत ती गुरुत्वमध्याच्या (विमान जिथे तोलून राहतं त्या बिंदूच्या) मागे असतात, शेपटीला चाक असेल तर पुढे हवीत. विमान सरळ उड्डाणाच्या स्थितीत धरा आणि गुरुत्वमध्यातून ओळंबा सोडा. गुरुत्वमध्यापासून मुख्य चाक टेकण्याच्या जागेपर्यंतच्या रेषेने ओळंब्याशी साधारण १५ ते २० अंशांचा कोन करावा. बऱ्याच मॉडेलांत चाकांचा आस पंखाच्या पुढच्या कडेखाली येतो. कोन कमी पडला तर गवतात नाक आपटतं, जास्त झाला तर उतरताना विमान उड्या मारतं. नव्या जागी आतून प्लायवूडची पट्टी इपॉक्सीने चिकटवा. नुसत्या बाल्साच्या (हलक्या, मऊ लाकडाच्या) भरवशावर राहू नका.

शेपटीचं चाक हलकंच घ्या आणि रडरला (शेपटीच्या उभ्या हलत्या पट्टीला) स्प्रिंगने जोडा, म्हणजे खड्ड्याचा हिसका थेट सर्व्होला, म्हणजे रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरला, बसत नाही. वजन मागे गेलेलं असतं, म्हणून बॅटरी पुढे सरकवून तोल पुन्हा तपासा. हे टाळणारे बरेच, आणि पडणारेही तेच.

उड्डाणाला एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) थोडा वर धरून थ्रॉटल हळूहळू द्या. विमान डावीकडे ओढेल, उजवा रडर तयार ठेवा. आणि हो, सांबरा विमानतळाच्या आसपास नको.